इंदूरच्या गच्चीवर फुकट टीव्ही: फ्री डिशची छत्री जागा शोधण्यापासून चित्र येईपर्यंत

रामबाग, मल्हारगंज, तिलकनगर या भागांतल्या जुन्या घरांवर अजूनही एखादा ॲल्युमिनियमच्या काड्यांचा अँटेना उभा दिसतो. त्यावर कबुतरं बसतात, कोणी त्याला कपड्यांची दोरी बांधलेली असते, आणि घरात नवा टीव्ही आला की हमखास प्रश्न येतो, "याला जोडून फुकट चॅनल दिसतील का हो?" नाही दिसणार. दूरदर्शनने ॲनालॉग प्रक्षेपण टप्प्याटप्प्याने बंद केलं आणि २०२२ पर्यंत मोजकी केंद्रं सोडून बाकी सगळी थांबली. २०१६ साली दूरदर्शनने १६ शहरांत मनोऱ्यावरून डिजिटल प्रक्षेपण सुरू केलं, त्या यादीत इंदूर आणि भोपाळ दोन्ही होती. पण त्यासाठी टीव्हीत ते डिजिटल प्रक्षेपण पकडणारा डीव्हीबी-टी२ ट्यूनर हवा होता आणि त्यावर होते दूरदर्शनचेच मोजके चॅनल. आज इंदुरात महिन्याचा खर्च न करता टीव्ही बघायचा असेल, तर सरळ मार्ग एकच: डीडी फ्री डिश, म्हणजे दूरदर्शनची उपग्रहावरून येणारी फुकट सेवा, आणि ती पकडणारी छत्री, म्हणजे गच्चीवरची गोल डिश.

ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. रिचार्ज नाही, भाडं नाही, फोन नंबर द्यावा लागत नाही. डिश, बॉक्स आणि केबल मिळून एकदाच साधारण दोन हजार रुपयांच्या आसपास खर्च. त्यात दूरदर्शनचे सगळे चॅनल येतात, म्हणजे आपल्या घरांत ज्याच्यासाठी आजी-आजोबा हट्ट धरतात ते डीडी सह्याद्रीही. आकाशवाणीचे चाळीसहून जास्त रेडिओ चॅनल येतात. खासगी चॅनल दूरदर्शनच्या लिलावात जागा विकत घेऊन येतात, म्हणून त्यांची यादी बदलत राहते. घरातल्यांचा जीव एखाद्या खासगी मराठी चॅनलच्या रात्रीच्या मालिकेत अडकला असेल, तर आधी सध्याच्या यादीत तो चॅनल आहे का ते बघा. नसेल तर छत्री लावून घरात भांडण ओढवून घेऊ नका.

पहिली पायरी: बाजारात नव्हे, गच्चीवर जा

बहुतेक लोक उलट करतात. आधी महाराणी रोडवरून डिश आणतात आणि मग ती लावायला जागा शोधतात. डिश कुठलीही चालते, जागा कुठलीही चालत नाही.

फ्री डिशचे चॅनल जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतात. हा इस्रोचा उपग्रह नोव्हेंबर २०१५ मध्ये फ्रेंच गयानातल्या कुरू इथून एरियन-५ रॉकेटने सोडला गेला आणि तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या वर स्थिर आहे. इंदूर साधारण २२.७ अंश उत्तर अक्षांश आणि ७५.९ अंश पूर्व रेखांशावर. हे आकडे मांडले की दोन कोन निघतात, आणि तेवढे दोनच कोन लिहून ठेवायचे: उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने १४०.५ अंश, आणि क्षितिजापासून वर जवळपास ५७ अंश. म्हणजे आग्नेय दिशा, पण जेमतेम पाच अंश दक्षिणेकडे सरकलेली. वास्तुशास्त्रवाले जिथे स्वयंपाकघर काढायला सांगतात, तिकडे बघायचं.

नातेवाईक इतर शहरांत असतात आणि फोनवर विचारतात, म्हणून तेही सांगून ठेवतो. बडोद्यात दिशा १३६ अंश आणि उंची ५५ अंश, ग्वाल्हेरात दिशा १४८ आणि उंची ५५. इंदूरचा आकडा बडोद्याच्या मामांना सांगितला तर ते संध्याकाळपर्यंत गच्चीवरच राहतील.

मोबाइलमधलं होकायंत्र चालेल. इंदुरात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक एक अंशाच्या आतच आहे, तो सोडून द्या. मात्र मोबाइल पाण्याच्या टाकीच्या लोखंडी स्टँडजवळ, खांबाला टेकवून किंवा पत्र्याच्या शेडखाली धरू नका. लोखंडाजवळ तो वीस-वीस अंश खोटं बोलतो. दोन-तीन मीटर लांब उभे राहा, दिशा बघा आणि त्या रेषेत दिसणारी लांबची एखादी खूण ठरवा: समोरच्या बिल्डिंगचा कोपरा, मोबाइल टॉवर, मंदिराचा कळस. पुढे डिश फिरवताना होकायंत्र नको, ही खूणच पुरते.

आता बघायचं की त्या दिशेला, ५७ अंशांच्या रेषेत, काही आडवं येतं का. हिशेब सोपा आहे. अडथळा डिशपेक्षा जितका उंच, त्याच्या दोन-तृतीयांश अंतरापलीकडे तो असेल तर गणिताने सिग्नल वरून निघून जातो. मी मात्र जितकी उंची तितकंच अंतर धरतो. जिन्याची खोली डिशपेक्षा तीन मीटर वर असेल, तर डिश तिच्यापासून तीन मीटर लांब. भिंतीची उंची बदलत नाही, झाडाची बदलते. शेजारच्या अंगणातलं कडुनिंबाचं झाड फेब्रुवारीत विरळ असतं आणि जुलैत गच्च, त्यात ओली पानं. उन्हाळ्यात बसवलेली डिश पावसाळ्यात अचानक "खराब" होते तेव्हा पुष्कळदा दोष झाडाचा असतो.

शंका असेल तर सूर्याला विचारा. वर्षातून दोनदा सूर्य इंदुरातून बघताना या उपग्रहाच्या बरोबर मागून जातो: मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी सव्वा अकराच्या सुमाराला, आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला अकराच्या थोडं आधी. त्या वेळी तुमच्या ठरवलेल्या जागेवर ऊन पडत असेल, तर उपग्रहही तिथून दिसतो. सावली असेल तर जागा बाद. त्याच दिवसांत सूर्याच्या रेडिओ लहरींच्या गोंगाटात उपग्रहाचा सिग्नल बुडतो आणि काही मिनिटं चित्र फुटतंही. तेव्हा घाबरून डिश हलवू नका, सूर्य सरकला की आपोआप नीट होतं.

जागेची दुसरी अट मजबुतीची. नव्या घरांच्या गच्चीचा कठडा अनेकदा चार इंची विटेचा असतो. त्याला नुसता बोल्ट ठोकला तर मे-जूनच्या वावटळीत डिश पतंगासारखी ओढली जाते आणि प्लास्टरसकट बोल्ट बाहेर येतो. आरसीसीचा कॉलम, बीम किंवा नऊ इंची भिंत शोधा. गच्चीच्या स्लॅबला भोकं पाडू नका. वॉटरप्रूफिंग फुटलं की पहिल्याच पावसात खालच्या खोलीत ओल उतरते, आणि त्याचा खर्च डिशच्या कितीतरी पट. भिंत नसेल तर लोखंडी पट्ट्यांच्या चौकटीवर खांब वेल्ड करून घ्या आणि चौकटीवर सिमेंटचे ब्लॉक किंवा वाळूची पोती ठेवा. पत्र्याच्या छपरावर डिश लावणं हा विचारच सोडा. पत्रा वाऱ्याने थरथरतो आणि त्याच्याबरोबर निशाणा हलतो.

खरेदी

डिश: दुकानात "दो फुटी" म्हणून मिळते ती ६० सेंटिमीटरची चालते. पण माझं मत विचाराल तर ७५ किंवा ९० सेंटिमीटरची घ्या, जागा आणि खांब झेपत असेल तर. या लहरी साधारण ११ गिगाहर्ट्झच्या आहेत, जोरदार पावसात त्या विरतात. ९० ची डिश ६० च्या सव्वादोन पट सिग्नल गोळा करते. कोरड्या दिवशी टीव्हीवर दोन्हींचं चित्र हुबेहूब सारखं दिसेल. फरक कळतो तो जुलैतल्या धो-धो पावसात, जेव्हा लहान डिश अर्धा तास काळी पडते आणि मोठी चालू राहते. मोठ्या डिशला वाराही जास्त लागतो हे मात्र विसरू नका, तिला जाड खांब हवा. पत्रा दाबून बघा. बोटाने दबणारी डिश परत ठेवा.

एलएनबी, म्हणजे डिशच्या पुढच्या दांड्यावरचं ते डोळ्यासारखं यंत्र: "युनिव्हर्सल" लिहिलेलं, ज्यावर ९७५० आणि १०६०० हे आकडे असतात. एक टीव्ही असेल तर सिंगल, दोन असतील तर ट्विन. स्प्लिटर लावून दोन बॉक्स चालवायचा जुगाड करू नका, ट्विन एलएनबी फार महाग नसते.

बॉक्स घेताना एमपेग-४ चाच घ्या, म्हणजे चित्र दाबून पाठवायची नवी पद्धत ओळखणारा. जुन्या एमपेग-२ बॉक्सवर एमपेग-४ चे चॅनल दिसत नाहीत, नव्यावर दोन्ही दिसतात. फ्री डिशचे काही चॅनल फक्त दूरदर्शनने मान्यता दिलेल्या बॉक्सवरच उघडतात, म्हणून खोक्यावर ती मान्यता आहे का ते वाचा. तुमच्या टीव्हीच्या मागे "सॅटेलाइट" लिहिलेलं पेच असलेलं कनेक्शन असेल, तर बॉक्सशिवायही उघडे चॅनल लागू शकतात. अशा टीव्हीसाठी भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये आयएस १८११२ हे मानक काढलं आहे.

केबल हा विषय मात्र लोक सगळ्यात हलक्यात घेतात. आरजी-६ घ्या, मधली तार तांब्याची, आणि आवश्यक तेवढी एकसंध. जुन्या अँटेनाची पडून असलेली बारीक केबल नको. एलएनबी उपग्रहाची ११०९० मेगाहर्ट्झची लहर १३४० मेगाहर्ट्झवर उतरवून खाली पाठवते, ती वारंवारता जुनी केबल वाटेतच खाऊन टाकते. टेपने गुंडाळलेला जोड तर अजिबात नको. तीस मीटरच्या आत काम होत असेल तर काळजी नाही. कनेक्टर दाबून बसवायचे, म्हणजे कॉम्प्रेशनचे, घ्या. हाताने फिरवून बसणारे पहिल्या पावसाळ्यात गंजतात.

घरात आधीची डिश असेल तर नवी घेऊ नका, पण ती तुमच्या मालकीची आहे याची खात्री करा. टाटा प्लेचे उपग्रह ८३ अंशांवर आहेत, म्हणून इंदुरात ती डिश जवळपास दक्षिणेकडे, १६२ अंशांवर बघते. ती पूर्वेकडे २१-२२ अंश फिरवून पाच अंश खाली आणायची. एअरटेलची १०८.२ अंशांवर, म्हणून ती पूर्वेकडे आणि बरीच खाली झुकलेली असते. ती दक्षिणेकडे १९ अंश फिरवून बारा अंश वर उचलायची. डिश टीव्ही ९५ अंशांवर, म्हणजे अगदी शेजारी, तिथे किरकोळ फिरवणंच पुरतं. एलएनबी मात्र नवी लावा. शेजाऱ्यांच्या डिशही याच हिशेबाने वाचता येतात. गल्लीत कोणाची कुठे बघते हे एकदा कळलं की होकायंत्राशिवायही दिशेचा अंदाज येतो.

खांब आणि डिश

खांब उभा करण्यात जेवढा वेळ जाईल तेवढा पुढे वाचतो. ओळंबा घ्या, गवंडी वापरतात तोच, आणि खांब दोन बाजूंनी तपासा: एकदा समोरून, एकदा बाजूने. खांब तिरका असेल तर डिश डावी-उजवीकडे फिरवताना तिचा वरचा कोनही बदलत जातो आणि उपग्रह सापडूनही हातचा जातो. बोल्ट दहा मिलिमीटरचे, किमान चार, आणि वॉशरसकट.

डिश खालीच जोडा, वर चढून नव्हे. ब्रॅकेटवर अंशांची पट्टी असेल तर ती ५७ वर लावा. लावल्यावर डिश फारशी आकाशाकडे बघत नाही असं वाटेल, समोरच्या घराच्या तिसऱ्या मजल्याकडे बघत असल्यासारखी. ते बरोबर आहे. या डिशचा आकार असा असतो की तिचा खरा नेम दिसणाऱ्या तोंडापेक्षा वीस-बावीस अंश वर असतो. पट्टी नसेल तर तोंड सरळ उभ्यापासून साधारण ३४-३५ अंश मागे झुकवून सुरुवात करा.

एलएनबी आपल्या पकडीत थोडी फिरवावी लागते, आणि हे नव्वद टक्के लोक करत नाहीत. डिशच्या मागे उभे राहून उपग्रहाकडे तोंड करा: एलएनबी घड्याळाच्या उलट दिशेने साधारण ३५ अंश वळलेली हवी. डिशच्या समोर उभे राहिलात तर हेच वळण घड्याळाच्या दिशेने दिसतं, इथे गोंधळ होतो. हा अंदाजाचा कोन आहे, शेवटचा निवाडा टीव्हीवरच्या आकड्याने होईल.

केबल जोडताना बॉक्स प्लगमधून काढलेला असू द्या. बॉक्स केबलमधूनच एलएनबीला वीज देतो. कनेक्टरमध्ये बाहेरच्या जाळीचा एखादा केस मधल्या तांब्याला लागला, तर बॉक्स "शॉर्ट" दाखवतो किंवा गप्प राहतो. एलएनबीजवळ केबलला एक खालचा झोल द्या, म्हणजे पावसाचं पाणी तिथून ठिबकतं, कनेक्टरात शिरत नाही. कनेक्टरवर रबरासारखी स्वतःला चिकटणारी टेप गुंडाळा, साधी काळी टेप उन्हात सुटते. विजेच्या तारांपासून केबल लांबून न्या, आणि गच्चीवरून वर जाणाऱ्या तारांच्या जवळ तर लोखंडी खांब उचलूच नका.

उपग्रह पकडणं

बॉक्सच्या मेनूत ९३.५ पूर्व किंवा जीसॅट-१५ निवडा. जुन्या यादीत हाच इन्सॅट-४बी नावाने असतो, कारण फ्री डिश आधी त्यावर होती. एलएनबी ९७५०/१०६००. ट्रान्सपाँडर (उपग्रहावरचा एक प्रक्षेपक, त्यावर चॅनलचा एक गट येतो) ११०९०, पोलरायझेशन व्ही, सिम्बॉल रेट २९५००. हा नसेल तर हाताने भरा. ट्रान्सपाँडर मधूनमधून बदलतात, चालू यादी प्रसार भारतीच्या संकेतस्थळावर असते.

पडद्यावर दोन पट्ट्या दिसतील: स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. स्ट्रेंग्थची पट्टी केबल जोडताच साठ-सत्तर दाखवते, आकाशात उपग्रह असो वा नसो. म्हणजे इंदूरच्या सराफा बाजारातल्या रात्रीच्या गर्दीसारखं: आवाज खूप असतो, पण तुमचं नाव कोणी घेतलं का, हा प्रश्न वेगळा. तुम्हाला क्वालिटीची पट्टी हवी, आणि ती नेम लागेपर्यंत शून्यावरच बसते. बाजारात मिळणारा स्वस्त सॅट फाइंडर, म्हणजे उपग्रह शोधायचं छोटं यंत्र, तोही फक्त आवाजच मोजतो, पुष्कळदा तो ९५ अंशांच्या शेजाऱ्यावरच पीं-पीं करत बसतो.

पूर्वी गच्चीवरून ओरडा व्हायचा, "आया क्या?" आणि खालून उत्तर यायचं, "थोड़ा और घुमाओ भिया!" आता एक माणूस खाली टीव्हीसमोर बसवा, व्हिडिओ कॉल लावा आणि कॅमेरा त्या पट्ट्यांवर धरायला सांगा. तुम्ही वर, एक हात डिशवर.

उंचीचा बोल्ट घट्ट, फिरवायचा सैल. ठरवलेल्या खुणेच्या पंधरा अंश डावीकडून सुरुवात करा आणि हळू उजवीकडे या. दोन फुटी डिशच्या कडेला पाच मिलिमीटर सरकवलं म्हणजे जवळपास एक अंश झाला. तेवढं सरकवा, तीन-चार सेकंद थांबा, कारण बॉक्सला सिग्नल ओळखायला तेवढा वेळ लागतो. घाईने फिरवणारा उपग्रहावरून दहा वेळा जातो आणि त्याला पत्ता लागत नाही. पूर्ण फेरीत काहीच आलं नाही, तर उंची दोन अंश वाढवा, पुन्हा फेरी. मग दोन अंश कमी करून. खांब सरळ असेल तर यातच सापडतो.

क्वालिटी हलली की थांबा. आता डावी-उजवीकडे जास्तीत जास्त आकडा शोधा, मग वर-खाली, मग एलएनबी थोडी थोडी फिरवून. हा क्रम पुन्हा एकदा करा. कमाल आकडा ओळखायची खात्रीची पद्धत अशी: दोन्ही बाजूंना आकडा सारखाच उतरतो ती मधली जागा. चित्र दिसलं म्हणून तिथेच थांबू नका. चित्र चाळीसवरही दिसतं आणि ऐंशीवरही, पण चाळीसवाल्याचं पहिल्या सरीत जातं. बोल्ट एकेक पिळ देत, आलटून पालटून घट्ट करा. एकच बाजू आवळली तर डिश सरकते. आवळताना खालच्या माणसाने आकडा वाचत राहायचं. शेवटी खांबावर आणि ब्रॅकेटवर मिळून ऑइल पेंटने एक रेघ मारा, पुढे डिश सरकली का ते एका नजरेत कळतं.

मग बॉक्सच्या मेनूतून ब्लाइंड सर्च किंवा ऑटो स्कॅन करा, म्हणजे बॉक्स सगळे चॅनल स्वतः शोधून घेतो.

पाऊस, वीज आणि संक्रांत

खांबाला अर्थिंग द्या. जाड तांब्याची तार खांबापासून घराच्या अर्थिंगपर्यंत, वाटेत कमीत कमी वळणं. थेट वीज पडली तर याने काही वाचत नाही, पण जवळपास पडणाऱ्या विजेचा आणि वाऱ्यात साठणाऱ्या भाराचा त्रास कमी होतो. गडगडाट सुरू झाला की बॉक्सचा प्लग काढा आणि केबलही मागून सोडा. नुसता रिमोटने बंद केलेला बॉक्स केबलला जोडलेलाच असतो.

जोरदार पावसात चित्र थोडा वेळ जाणं स्वाभाविक आहे. पाऊस थांबल्यावरही तासाभरात परत आलं नाही तर आधी खांबावरची रेघ बघा, मग एलएनबीजवळचा कनेक्टर उघडून आत पाणी किंवा हिरवट गंज आहे का ते बघा. एलएनबीच्या पांढऱ्या टोपीला तडा गेला असेल तर आत पाणी शिरतं, ती बदलावीच लागते. संक्रांतीनंतर गच्चीवर जाऊन मांजा डिशच्या दांड्यात किंवा केबलला गुंडाळला आहे का ते पाहा. तो ओढून काढू नका, केबलचं आवरण चिरतं. कात्रीने तुकडे करून काढा.

सगळेच चॅनल गेले तर दोष डिश, केबल किंवा एलएनबीत शोधा. काही गेले आणि बाकीचे स्वच्छ असतील तर क्वालिटी आकडा बघा. तो चांगला असेल तर गच्चीवर चढायची गरज नाही, लिलावानंतर चॅनल इकडून तिकडे सरकलेले असतात. पुन्हा एकदा ऑटो स्कॅन करा आणि आजीचा सह्याद्री नव्या क्रमांकावर सापडला की तो फेव्हरेटमध्ये टाकून ठेवा, म्हणजे सातच्या बातम्यांना शोधाशोध नको.